येणार असाल तर एक

चालू

सकाळी फाटक ऑफिसात आली, डबा खणात ठेवला, स्क्रीन उघडली, तर एक ओळ लाल.

फाटक हे बाईचं नाव. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असेलच, पण जिन्यापासून पाण्याच्या कूलरपर्यंत सगळे तिला फाटकच म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिला हल्ली कशाचंच काही वाटत नसे. चहा गरम असला तरी पिई, गार झाला तरी पिई. खिडकीतून तळहातावर ऊन पडलं तर ते तिला दिसे, लागत नसे.

या ऑफिसात दोन जगं होती. एक चाचणी, दुसरं चालू. चाचणीत सगळं खोटं: खोटे पेशंट, खोटे डॉक्टर, खोटे आजार. तिथे आभाळ कोसळलं तरी कुणाच्या केसाला धक्का लागत नाही. चालूमध्ये खरी माणसं. प्रोग्रामर मंडळी नवा भाग लिहीत, तो आधी चाचणीत फिरवला जाई, एकेका तपासणीची एकेक ओळ उमटे, आणि सगळ्या ओळी हिरव्या झाल्या की तो भाग चालूमध्ये सोडला जाई. या सोडण्यालाच रिलीज म्हणत. या दोन जगांच्या मधलं दार उघडायचं की नाही, हे ही बाई ठरवी. म्हणून फाटक.

माल तसा साधाच. दवाखान्यांच्या वतीने लोकांच्या फोनवर मेसेज पाठवायचा: "उद्या तुमची भेट आहे. येणार असाल तर १ पाठवा, नसाल तर २." लोक उत्तर देत, उत्तर वाचून दवाखान्याची उद्याची रांग लागे. शेंबडं पोरही करील असं काम. पण एकाचं दोन वाचलं गेलं, तर ज्याला यायचंय त्याची जागा जाते आणि डॉक्टर रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतो. या वेळचा नवा भाग नेमका उत्तरं वाचणाराच होता.

लाल ओळीवर लिहिलं होतं: मेसेज पाठवला. उत्तर नाही.

"उत्तरयंत्र झोपलंय," दाढी म्हणाला. दाढी म्हणजे ज्याने हा नवा भाग लिहिला तो प्रोग्रामर. दाढी त्याने काढून टाकली होती, नाव राहिलं होतं.

"सकाळी कसं झोपेल? ते दुपारी झोपतं," चाळणी म्हणाली. चाळणी तपासनीस. तिच्या हातून खडा सुटत नाही अशी ख्याती. नवऱ्याने आणलेली भाजीसुद्धा ती दोनदा परत पाठवते असं दाढी म्हणे. "या ऑफिसात वेळेवर उत्तर देणारं एकटं तेच तर होतं. त्यालाही तुमची हवा लागली वाटतं."

"पुन्हा फिरव."

चाळणीने पुन्हा फिरवलं. पुन्हा लाल.

फाटकने डब्याचं झाकण नीट बसलंय का ते पाहिलं. बसलं होतं.

उत्तरयंत्राबद्दल ऑफिसात सगळ्यांना सगळं माहीत होतं. की ते पार सुरुवातीपासून आहे, की कुठल्या तरी कोपऱ्यात एक जुनी पेटी आहे, तिच्यात एक फोनचं कार्ड आहे, आणि चाचणीचा मेसेज गेला की पेटी आपोआप १ पाठवते. दुपारी जेवणानंतर पेटी मंद चालते, हेही माहीत होतं. दाढीने त्यावर एकदा चांगला आठवडाभर अभ्यास केला होता, दुपारी सर्व्हरवर ताण येतो असा निष्कर्ष काढला होता, आणि दुपारपुरती वाट पाहण्याची मुदत वाढवून दिली होती. त्या शोधाबद्दल साहेबांनी त्याची सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

पेटी नव्हती. उत्तरयंत्र म्हणजे फाटकचा बाप होता. दुपारी जेवून तो लवंडत असे.

मागचं

कंपनी दोन खोल्यांची होती तेव्हाची गोष्ट. चाचणीसाठी एक खरा फोन हवा होता, ज्यावरून कोणी तरी खरं उत्तर देईल. फाटकने घरी फोन लावला.

"बाबा, तुम्हाला काम लावते."

"पगार?" बाप म्हणाला.

"आधी काम तर ऐका."

मागून आईचा आवाज आला, "आधी पगार ठरवा हो, मग ऐका. आयुष्यभर आधी ऐकलंत म्हणून ही दशा."

बाप टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होता. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोरीची पिन. नोकरी संपली, एक्स्चेंजही संपलं, सवय संपली नाही. वाजलं की उचलायचं. कोण आहे, कशासाठी आहे, ते नंतर. लेकीने काम समजावलं, बापाने दोनदा घोकून घेतलं, आणि तेव्हापासून मेसेज गेला की १ येऊ लागला. फाटकने गंमत म्हणून त्या नंबरापुढे 'उत्तरयंत्र' असं लिहिलं. गंमत ती एकटीच जाणत होती. पुढे जुनी माणसं गेली, नवी आली, आणि गंमत राहिली नाही, नुसतं यंत्र राहिलं.

मग आई आजारी पडली. मोठं रिलीज होतं त्या दिवशी ती गेली. बापाने कळवलं दुसऱ्या दिवशी, सगळं नीट पार पडल्यावर.

"तुझं रिलीज होतं," तो म्हणाला. "तिनेच सांगितलं, पोरीला काम संपवू दे."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला निदान शेवट असतो. फाटक घरी गेली, करायचं ते सगळं केलं, परत आली, आणि पुन्हा फोन केला नाही. बापानेही केला नाही. तो उचलणारा माणूस; लावणारे नेहमी दुसरे असत.

नंबर मात्र चाचणीत तसाच राहिला. ओळ हिरवी होती. हिरव्या ओळीला कोण हात लावतं? नवा भाग आला की मेसेज जाई, १ येई, ओळ हिरवी होई. बाप आहे. फाटक पुढच्या ओळीकडे वळे.

चालू

"कोणाच्या ताब्यात आहे ही पेटी?" कॅप्टनने विचारलं. कॅप्टन म्हणजे साहेब. बोट कधी चालवली नव्हती, पण प्रत्येक बैठकीत म्हणे की आपण सगळे एका बोटीत आहोत.

"पेटी आमच्या आधीपासूनची आहे," चाळणी म्हणाली. "आम्हाला ती वारशात मिळाली."

"म्हणजे कोणाच्याच नाही. मग तिच्यापायी अख्खं रिलीज अडवायचं? ती ओळ वगळा. यंत्र बिघडलं असं लिहा आणि पुढे चला. ग्राहक माझ्या डोक्यावर मिरी वाटतोय."

सगळ्यांनी फाटककडे पाहिलं. ओळ वगळणं हे एका बटणाचं काम होतं आणि ते बटण तिच्याकडे होतं. ती ओळ राखाडी झाली असती. लाल नाही, हिरवी नाही. राखाडी ओळीकडे पुन्हा कोणी बघत नाही.

"दुपारपर्यंत बघू," फाटक म्हणाली.

चाचणी

हे घडलं नाही. तिने मनात फिरवून पाहिलं.

ती जिन्यात जाते. फोन लावते. वाजतो. वाजत राहतो. ज्या माणसाने जन्मात तिसरी घंटी होऊ दिली नाही, त्याच्या घरात फोन वाजत राहतो. स्वयंपाकघरातल्या ओट्याला ऐकू जातो, दाराच्या कडीला ऐकू जातो.

मागे घेतलं.

चाचणी, पुन्हा

ती जिन्यात जाते. फोन लावते. तो उचलतो. "बोल," म्हणतो. आता तिने बोलायचं. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य कुठलं? 'कसे आहात' हे रस्त्यावर भेटलेल्या माणसाला विचारतात. 'तुम्ही एक का पाठवलं नाहीत' हे विचारलं तर ती तक्रार होते. 'मला वाटलं तुम्ही गेलात' हे बोलायचं नसतं. "बोल," तो पुन्हा म्हणतो. ती बोलत नाही. लाइन चालू राहते.

मागे घेतलं.

चालू

फोन केला नाही, तोवर ती नुसती एक लाल ओळ होती. फोन केला की काही तरी एक ठरणार होतं. फाटक जागेवर बसून राहिली आणि तिने स्वतःच्या हाताने चाचणी पुन्हा फिरवली. मेसेज गेला. थोड्या वेळाने पुन्हा फिरवली. दुसरी कुठली भाषा तिला येत नव्हती. उद्या तुमची भेट आहे. येणार असाल तर एक.

"तू किती वेळा फिरवतेस गं?" चाळणी मागे येऊन उभी राहिली. "देवाला नारळ फोडल्यासारखं चाललंय. एकदा फुटला नाही की दुसरा."

"बघते आहे."

"तुझा चेहरा बघ. म्हणजे तसाच आहे म्हणा, रोजच्यासारखा. तोच तर प्रॉब्लेम आहे तुझा, काही कळतच नाही." तिने फाटकच्या टेबलावर अर्धी पोळी ठेवली. "खा. सकाळपासून डबा उघडला नाहीस."

फाटकने पोळी खाल्ली. ती तोंडात होती, मग नव्हती.

जेवणं झाली. लोक हात धुऊन परत आले. दाढी दात कोरत स्क्रीनसमोर बसला आणि त्याचा हात तसाच थांबला.

"आलं."

"काय आलं?"

"उत्तर आलं. पण..." तो उठून उभा राहिला. "दोन आलंय."

ओळ लालच होती, फक्त मजकूर बदलला होता. हवं होतं: १. आलं: २.

फाटकच्या आत कुठे तरी काही तरी सरकलं असेल. तिने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. उत्तर आलंय म्हणजे बाप आहे. मग लगेच दुसरं: दोन का?

दाढीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "पेटी दोन कशी पाठवेल? पेटीला दोन येतच नाही. म्हणजे तिने एकच पाठवलाय आणि माझ्या भागाने दोन वाचला. मी एकाचं दोन वाचतोय!" तो मटकन बसला. "हे चालूत गेलं असतं तर येणाऱ्यांची नावं कापली असती. सगळ्यांची."

"आणि साहेब म्हणत होते, ओळ वगळा," चाळणी भिंतीला म्हणाली. भिंतीशेजारी कॅप्टन उभा होता.

"मी 'बघा' म्हणालो होतो," कॅप्टन म्हणाला. "बरं, हे आधी नक्की करा. पेटीने एक पाठवला की दोन? पेटीचा भाग बघा, याचा भाग बघा, ते जोडा. कोणाला विचारायचं पेटीबद्दल?"

कोणाला माहीत नव्हतं. दाढी स्वतःच्या लिखाणात डोकं खुपसून बसला, ओळीमागून ओळ, आपली चूक शोधत. ती तिथे असेल तर सापडेल. नसेल तर तो आठवडाभर शोधत राहील. दुपारच्या मंदपणाच्या वेळी राहिला होता तसा.

"मी विचारते," फाटक म्हणाली.

"कोणाला?"

ती जिन्यात गेली होती.

चालू

जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला रबराची पट्टी होती, मधोमध झिजलेली. फाटकने तिच्यावर नजर ठेवली आणि नंबर दाबला. पाठ होता.

एकच घंटी झाली.

"हॅलो. कोण हवंय?"

"मी आहे."

"हं. बोल."

पहिलं वाक्य तिच्याकडे तयार होतं. कामाचं होतं, सरळ होतं, कुणीही कुणालाही विचारावं असं. "मघाशी एक मेसेज आला असेल. तुम्ही एक पाठवलंत की दोन?"

"दोन."

"नक्की? बोट चुकून..."

"अगं, दोन म्हणजे दोन. मी काय आज फोन हातात धरतोय?"

झालं. नवा भाग बरोबर वाचत होता. दाढीची चूक नव्हती. काम संपलं होतं. इथे फोन ठेवता आला असता.

"सकाळी उत्तर आलं नाही," ती म्हणाली.

"सकाळी फोन काढून घेतला होता त्यांनी. त्या मशीनमध्ये घालताना अंगावर काही ठेवू देत नाहीत. चष्मासुद्धा काढला. आंधळ्यासारखा पडून होतो."

"कसल्या मशीनमध्ये?"

"दवाखान्याच्या." तो म्हणाला, "झडप आहे एक. हृदयाची. जुनी झाली, नीट मिटत नाही. ती काढून नवी बसवायची. उद्या."

पट्टीवर कुणाच्या तरी बुटाचा ठसा होता.

"कधी ठरलं हे?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मला कळवावंसं..."

"कळवलं की."

"कधी?"

"आत्ता. दोन पाठवलं." तो जरा चिडला. "नाही तर कशाला पाठवलं असतं? गप्प बसता येत नाही का मला? चांगलं येतं. म्हटलं, इतकी वर्षं एक, आज दोन, पोरगी हुशार आहे, विचारेल. विचारलंसच."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि दुसरं म्हणजे, खरंच पंचाईत झाली," तो सांगू लागला, एखाद्या ऑफिसच्या अडचणीबद्दल सांगावं तसा. "दवाखान्याचा मेसेज आला, तो तुझ्याच मेसेजसारखा. शब्दाला शब्द. उद्या तुमची भेट आहे. मी आधी तुझाच समजलो. मग खाली दवाखान्याचं नाव दिसलं. त्यांना एक दिला. मशीनमधून बाहेर येऊन बघतो, तर तुझे ओळीने पाच-सहा, सगळे उद्याचेच. आता दोन्हीकडे हो कसं म्हणणार? माणूस एक, लाइन एक. एका वेळी एकच जोडता येते."

"माझा खरा नसतो, बाबा. चाचणीचा असतो. दुसऱ्या दिवशी काही नसतं."

"ते काय मला ठाऊक नाही? पण कोणी विचारलं उद्या आहात का, आणि मी म्हटलं आहे, तर मी आपला घरी राहतो. कुठे जात नाही. येत नाहीच कोणी, ते सोड. हो म्हटलं होतं ना."

खालच्या मजल्यावर कोणी तरी दार उघडलं आणि लावलं. फाटकने मनात मोजू नये ते मोजायला घेतलं: किती रिलीजं, किती एक, किती दुसरे दिवस. मग सोडून दिलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. इंजेक्शन दिलेल्या हिरडीत दात काढताना नुसता करकर आवाज ऐकू येतो, तसं काही तरी ऐकू येत होतं.

"तेव्हाही रिलीज होतं," ती म्हणाली.

"हो. आज आहे?"

"आहे."

"मग जा. लोक खोळंबले असतील."

चालू

फाटक उघडण्याची एक रीत होती, तिनेच पाडलेली. सगळ्यांनी गोल उभं राहायचं. बसायचं नाही, बसलं की माणूस नुसती मान हलवतो. ही एकेकाला विचारणार, त्याने तोंडाने 'हो' म्हणायचं. 'हं' चालत नाही. 'माझ्याकडून काही नाही' तर मुळीच नाही. शेवटचं 'हो' तिचं. आणि जो शेवटचं 'हो' म्हणेल, त्याने दुसऱ्या दिवशी जागेवर हजर राहायचं, कारण मोडलेलं काय ते दुसऱ्या दिवशी कळतं. दार उघडं टाकून गावाला जायचं नाही. लाल ओळीवर तर कोणीच 'हो' म्हणायचं नाही.

ती आत आली तेव्हा तिघं आधीच गोल उभी होती.

"दाढी, तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "दोनच पाठवला होता."

"पेटीने?"

"बाबांनी."

"कुठल्या बाबांनी?"

"माझ्या. पेटी नाही. कधीच नव्हती. तो माझ्या वडिलांचा नंबर आहे. ते हाताने उत्तर देतात."

कूलरमध्ये बुडबुडा वर आला.

"म्हणजे," दाढी हळूच म्हणाला, "दुपारी मंद..."

"झोपतात."

चाळणीने तोंडावर हात ठेवला. तिला हसू आवरत नव्हतं आणि हसू नये हेही कळत होतं. "अरे देवा. आणि तू आठवडाभर सर्व्हर मोजत होतास! म्हाताऱ्या माणसाची वामकुक्षी मोजत होता हा!"

"माझं कौतुक झालं होतं त्याबद्दल," दाढी कॅप्टनकडे न बघता म्हणाला.

"ठीक आहे, ठीक आहे," कॅप्टन म्हणाला. "म्हणजे भाग बरोबर आहे. वडिलांना सांगा, एक पाठवा. ओळ हिरवी, विषय मिटला."

"ते एक पाठवणार नाहीत. उद्या ते नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"उद्या त्यांचं ऑपरेशन आहे. हृदयाचं." तिने हे तसंच सांगितलं, जसं ती सांगे की अमुक ओळ लाल आहे. "आणि उद्या मीही नाही. म्हणून आज मला हो म्हणता येत नाही."

चाळणीचं हसू गेलं होतं. कॅप्टनने घड्याळाकडे पाहिलं, मग पाहिल्याची लाज वाटून हात खिशात घातला. "अहो, पण ग्राहक... म्हणजे तुम्ही जाच. जायलाच हवं. पण एवढं एक 'हो' म्हणून गेलात तर उद्याचं आम्ही बघतो ना."

आईच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं. तिने 'हो' म्हटलं होतं, दुसऱ्या दिवशी जागेवर हजर राहिली होती, आणि दुपारी फोन आला होता.

"नाही," फाटक म्हणाली.

तोंडाने म्हणाली. मान हलवली नाही.

"मी उघडते उद्या," चाळणी म्हणाली. "उद्या मी आहे, परवा मी आहे, मी मेले तरी इथेच आहे. पण लाल ओळीवर मी हो म्हणणार नाही, सांगून ठेवते. सकाळी पुन्हा फिरवणार. उत्तर कोण देणार?"

फाटक जागेवर गेली. उत्तरयंत्र असं जिथे लिहिलं होतं तिथला नंबर तिने खोडला आणि आपला घातला. नाव तसंच ठेवलं.

चालू

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती दवाखान्यात पोचली. बापाला तिने ओळखलं. म्हणजे ओळखणारच, पण दवाखान्याच्या झग्यात तो लहान दिसत होता, बाही लांब आणि मनगट बारीक. डोळे तेच, चष्म्याशिवाय जरा बावरलेले.

"आलीस?" तो म्हणाला.

"आले."

"रिलीज?"

"थांबवलं."

"माझ्यामुळे?"

"तुमच्या दोनमुळे."

हे त्याला आवडलं असावं. त्याने पांघरूण सरळ केलं. "आता माझ्या जागेवर कोण?"

"मी."

"पगार मागून घे. मी मागितला नाही, फसलो." मग छताकडे बघत तो म्हणाला, "मी त्या डॉक्टरला विचारलं, ही नवी झडप आधी कुठे चाचणीला लावून बघता का? म्हणाला, माणसाला लावल्याशिवाय कसं कळणार, काका. म्हणजे बघ. थेट चालूमध्ये."

"ते रोज करतात, बाबा."

"तुम्हीही रोजच करता."

नर्स आली. त्याने चष्मा आणि फोन लेकीच्या हातात दिला. चष्मा नुसता दिला, फोन जरा दाबून दिला. "वाजला तर उचल," म्हणाला. पलंगाची चाकं फिरली, दोन झापांचं दार उघडलं, हललं, हलायचं थांबलं.

फाटक बाकावर बसली. फोन देताना बापाचा हात तिच्या हाताला लागला तेव्हा तो ऊन होता की गार, हे ती आठवू लागली. आठवेना. हातात चष्मा होता. काचेवर बोटाचा ठसा होता, तो तिने पुसला नाही.

शेजारच्या बाकावर एक बाई विणत होती. फरशी पुसणारा आला, म्हणाला, "ताई, पाय," तिने पाय उचलले, तो पुसून गेला. ओल वाळत गेली, आधी कडेने, मग मध्ये.

फोन थरथरला. आधी ती बापाचा बघू लागली. मग कळलं, आपलाच.

उद्या तुमची भेट आहे. येणार असाल तर १ पाठवा, नसाल तर २.

तिकडे चाळणी उभी असेल, शेजारी दाढी, मागे खिशात हात घातलेला कॅप्टन. एक ओळ वाट बघत असेल. हा मेसेज तिने किती जणांना जाऊ दिला होता. स्वतःला आलेला असा पहिल्यांदाच वाचला. उद्या म्हणजे काय, हे त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. भेट कोणाशी, तेही नाही.

दोन झापांचं दार बंद होतं.

मुदत किती आहे हे तिला ठाऊक होतं. ती संपायच्या आत तिने अंगठा टेकवला. काच गार लागली.

तिने एक पाठवला.